व्याधाच्या मागचा ठिपका

दसरा झाला की आमच्या मुरुडच्या हवेत आठ-पंधरा दिवस सोयाबीनचं भुसकट तरंगत असतं. चारी बाजूंनी मळणीयंत्रं चालू असतात. दोरीवरची साडी संध्याकाळी काढून नेसावी तर ती अंगाला खाजते, आणि गल्लीतली निम्मी माणसं नाकाला रुमाल लावून शिंकत असतात. मग केव्हातरी राशी आडतीवर जातात, यंत्रं थांबतात, एखादा चुकार पाऊस धूळ खाली बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परसात पाऊल टाकावं तर डोक्यावर सगळं आभाळ लख्ख उघडलेलं असतं. अशा पहाटे लोकांना प्रसन्न वाटतं म्हणे. यंदा ती पहाट आली तेव्हा मला दार पुन्हा लावून घ्यावंसं वाटलं.

परसात न्हाणीघराच्या भिंतीलगत ताडपत्रीखाली दुर्बीण आहे. गेलं वर्षभर मी तिच्यावरून नजर फिरवत आलेय, जशी आपण घरातल्या अबोला धरलेल्या माणसावरून फिरवतो. ताडपत्रीवर चिमण्यांनी घाण केली, पावसाळ्यात तिच्या सुरकुत्यांत पाणी साचलं, ते मी खराट्यानं ढकललं. खालचा आरसा तेवढा पेटीसकट आत कोठीत नेऊन ठेवला होता. बाकी काही केलं नाही.

माझे यजमान मुरुडच्या पेठेत कापडाचं दुकान चालवत. पेठ त्यांना अप्पा म्हणे. मी जन्मभर 'अहो' म्हटलं, आणि लिहितानाही 'हे' याच्यापुढं मला जाता येत नाही. ह्यांना आभाळाचं वेड कुठून लागलं ते विचारू नका, कारण मी विचारलं तेव्हा त्यांनी "दुकानात दिवसभर छत बघून" असं उत्तर दिलं होतं. भाकरीच्या परातीएवढा सोळा इंची आरसा लाकडी पेटीतून आला. सुतारानं प्लायवूडचा खोका केला, खोक्यावर आठ नळ्या, नळ्यांवर एक कडं, कड्यात छोटा आरसा आणि डोळा लावायची भिंगाची नळी, तिला आयपीस म्हणायचं. बाजूचा उजेड आत शिरू नये म्हणून नळ्यांभोवती काळ्या कापडाचा झगा लागतो. तो मी शिवला, दुकानातल्याच काळ्या अस्तराचा. उभी केली की ती माझ्या डोक्यावरून जाते. आमच्या दोन खणांच्या घराला ही दुर्बीण म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

मला ती आवडत नसे. कुरडया वाळवायची जागा तिनं घेतली होती. तिच्या पायी परसातला दिवा गेला, आणि ग्रामपंचायतीनं गल्लीत नवा पांढरा दिवा लावला तेव्हा तर ह्यांनी चार दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. शेवटी भिंतीवर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये त्याच अस्तराचा पडदा ताणला. शेजारचे सावकाश भिंतीवरून डोकं वर काढत आणि विचारत, "अप्पा, तोफ कुणीकडं डागायलाव?"

"वर," हे म्हणत. "तिकडनं कुणी उलटून बोलत न्हाई."

हा टोला मला असे. मी हिमायतनगरची. आमच्याकडं बायका उलट बोलतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. लग्न होऊन मुरुडला आले तेव्हा माझ्या 'करून राहिले', 'बघून राहिले'ला सासरी हसत, आणि ह्यांच्या 'करायलाव'ला मी हसे. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. जंगल जवळ, गावात दिवे कमी. वर एवढ्या चांदण्या असत की डोळे मिटून घ्यावे लागत, पण त्यांच्याकडं मुद्दाम बघणारा माणूस मी मुरुडला येईपर्यंत पाहिला नव्हता.

दुकानात वरच्या फळीवरचे तागे काढायला तीन पायऱ्यांची लाकडी शिडी होती. दुकानात नवी लोखंडी आली तेव्हा जुनी परसात आली. तारा डोक्यावर असला की आयपीस सगळ्यांत उंच जातं, मग तिसऱ्या पायरीवर चढायचं. तारा कलला की एक पायरी खाली. अगदी क्षितिजाजवळ असला तर दुर्बीण जवळजवळ आडवी होते आणि खुर्चीवर बसून बघता येतं. ही साधी गोष्ट मला पंचवीस वेळा सांगितली असेल, आणि पंचवीस वेळा मी दुसरीकडं बघत हं म्हटलं असेल. तिचा अर्थ कळायला गेल्या वर्षीचा भादवा यावा लागला.

भादव्यात ह्यांच्या पोटात दुखू लागलं. लातूरला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि आमच्या मुलाला, वीरेशला, तो नांदेडला बँकेत असतो, बाहेर बोलावून सांगितलं. त्यानंतर घरात आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. ते नाव म्हणजे जणू उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली चप्पल. सगळे ओलांडत होते, कुणी खाली बघत नव्हतं. रेणापूरहून महानंदाअक्का आल्या, ह्यांची थोरली बहीण. त्या विधवा, मुलं आपापल्या ठिकाणी, भावावर जीव. आल्या आल्या त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, "कमल, त्येच्यासमोर डोळ्यात पाणी आणायचं न्हाई. आन् इचारलंच तर सुधारायलास म्हणायचं."

आणि सगळे तसं म्हणत राहिले. गालफडं बसली तरी "तजेला आलाय" म्हणत, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरू लागली तरी "जरा भरलाव" म्हणत. कापडाच्या दुकानदाराला अंगावरच्या कपड्याचं माप कळत नाही असं ह्या लोकांना कसं वाटलं, कुणास ठाऊक.

त्याच दसऱ्याच्या सुमारास एका पहाटे हे शिडीच्या पहिल्या पायरीवर चढले आणि दुसऱ्या पायरीला पाय उचललाच नाही. किती तरी वेळ तसेच उभे राहिले. मी चहाचा कप घेऊन दारात होते. ते खाली उतरले, परसातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, घोंगडं गुडघ्यांवर ओढलं आणि म्हणाले, "वर तू जा."

"मी काय करू वर जाऊन?"

"काय दिसतंय ते सांग."

मी पदर खोचला आणि चढले. वर मृग नक्षत्राच्या तलवारीत, म्हणजे पोटाखालच्या बारीक ताऱ्यांत, काहीतरी पसरलं होतं. मी म्हणाले, फोडणी जास्त झाली की स्वयंपाकघरात धूर अडकून राहतो तसं काहीतरी आहे. एवढ्या मोठ्या भांड्यातून एवढंच, असंही म्हणाले. ते हसले नाहीत. म्हणाले, "धूर कुठं दाट हाय, कुठं इरळ हाय? कडा कुणीकडं तुटलीय?" मी पुन्हा डोळा लावला. आणि खरंच, एकीकडं तो धूर कात्रीनं कापल्यासारखा तुटला होता, मध्ये चार बारीक ठिणग्या होत्या. मी सांगत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. मान हलवत होते, जुन्या गिऱ्हाइकानं घरच्यांची खुशाली सांगावी आणि आपण ती ऐकावी तशी.

तेव्हापासून रोज पहाटे आम्ही दोघं परसात. मी शिडीवर, हे खुर्चीत. मला त्यांनी फिकट वस्तू बघायची रीत शिकवली. "सरळ बघू नको. सरळ बघितलं की जाती ती. जरा बाजूला बघ, म्हंजे डोळ्याच्या कोपऱ्यात येती." मी ते शिकले. मग घरात दिवसाउजेडी मी त्यांच्याकडंही तसंच बघू लागले. सरळ बघायचं नाही. भाजी चिरताना कोपऱ्यातून बघायचं: हात किती बारीक झाले, घोटभर पाणी प्यायला किती वेळ लागतो.

आणि एक नियम घालून दिला. कठोर होता तो. "न दिसलेलं दिसलं म्हणायचं न्हाई. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच न्हाई. मला सगळे बरं वाटायचंच बोलून ऱ्हायले." शेवटचे शब्द माझ्या माहेरच्या बोलीत म्हणाले, चिडवल्यासारखे. पण चिडवत नव्हते.

ह्यांना एकच गोष्ट बघायची राहिली होती. व्याध म्हणजे आभाळातला सगळ्यांत तेजस्वी तारा, मृगाच्या मागं असतो, तो लहान मुलालाही दाखवता येतो. पण त्याला एक सोबती आहे. जळून विझलेला, मेलेला तारा. आकारानं पृथ्वीएवढा, आणि व्याधाच्या इतक्या जवळ की त्याच्या झगमगाटात बुडून जातो. पन्नास वर्षांत तो व्याधाभोवती एक फेरी मारतो, आणि सध्याची काही वर्षं तो त्यातल्या त्यात लांब गेलेला आहे. पुढं पुन्हा आत शिरणार. "ह्या दोन-चार सालांत दिसला तर दिसला," हे म्हणत. "न्हाईतर आपल्या जन्मात न्हाई." तीन हिवाळे त्यांनी त्याच्यासाठी घालवले होते. वारा आडवा आला, धुकं आडवं आलं, एकदा तर सगळं जुळून आलं आणि आरशावर दव बसलं. आता तो मी बघायचा होता.

त्याची युक्ती त्यांनी मला दहा वेळा सांगितली असेल. तांबडं फुटायच्या बेतात बघायचं, कारण आभाळ जरा उजळलं की व्याधाची धग कमी होते. "व्याधाला मधी आन. मग दुर्बिणीला हात लावू नको. पृथ्वी फिरती, तो आपोआप सरकतो. सरकत सरकत कडेला जाईल आन् भाईर पडंल. सोबती त्येच्या मागं हाय. व्याध भाईर पडला की पापणी हालायच्या आत तो एकटा ऱ्हातो. तेवढ्यात बघायचं."

मी बघायचे. व्याध त्या गोल काळ्या भोकात यायचा तो पेटलेल्या मॅग्नेशियमच्या तारेसारखा, चारी बाजूंनी काटे फुटलेला, थरथरणारा. सरकत सरकत कडेला जायचा. बाहेर पडायचा. आणि मागं काळोख उरायचा, बस्स.

"दिसला?"

"न्हाई."

"बरं. उद्या."

एवढंच बोलणं. तोवर आतून अक्कांचा आवाज यायचा. त्यांची आंघोळ, कपाळाला विभूती, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, सगळं पहाटेच उरकलेलं असे. चहाचे कप घेऊन त्या दारात यायच्या आणि विचारायच्या, "दिसलं का ग?" मी मान हलवायची. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसायची, आणि ती ताऱ्यावर नसायची. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "हाव म्हण की एकदा, दिसलं म्हण. कोण तपासायला येनार हाय?" ह्यांना ऐकू गेलं. "मी तपासीन," हे खुर्चीतून म्हणाले. "कुठल्या अंगाला हुता, किती येळ हुता, ते इचारीन."

दिवाळी गेली, कार्तिकी पौर्णिमा गेली. आणि मग माझ्या लक्षात आलं की व्याध उतरायला लागलाय. दसऱ्याला पहाटेच्या वेळी तो दक्षिणेला उंच असे, मी बुटकी, मला दुसऱ्या पायरीवर चढावं लागे. पौर्णिमेनंतर पहिलीवरूनच दिसू लागला. मार्गशीर्ष लागला तेव्हा त्याच वेळी तो पश्चिमेला इतका कललेला असे की मी जमिनीवर उभी राहून बघू शकत होते. हे रोज खुर्चीतून दुर्बिणीचं तोंड किती खाली आलं ते बघत. एका पहाटे म्हणाले, "तो माझ्याकडं यायलाय बघ. येळवसला खुर्चीवर बसून दिसंल मला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या लातूरकडं त्या दिवशी घरात माणूस राहत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप म्हणजे खोपटी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवायचं. हिमायतनगरला ही चाल नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसला मी घराला कुलूप लावणाऱ्या सासूबाईंना विचारलं होतं, चोर आला तर? त्या म्हणाल्या, तो बी शेतातच असंल. ह्यांनी ठरवलं की आदल्या संध्याकाळीच दुर्बीण टेम्पोत घालून शेतात न्यायची. तिकडं गल्लीतला दिवा नाही, भिंत नाही, पश्चिमेचं क्षितिज मोकळं. पहाटे खुर्चीवर बसून स्वतःच्या डोळ्यानं बघायचं.

तारा खाली आला की हवेच्या जाड थरातून बघावं लागतं आणि तो उकळत्या दुधासारखा हलतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तेवढ्या खाली सोबती दिसणं शक्य नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण माणसाला काहीतरी धरून चालायला लागतं. मी आणि अक्का रोज येळवसचं बोलत होतो, वाल कुणाकडून आणायचे, आंबिलीचं मडकं नवं घ्यायचं का. येळवस जवळ येत होती आणि हे मागं मागं पडत होते.

येळवस आठवड्यावर आली असताना त्यांना लातूरला न्यावं लागलं. दवाखान्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकी पूर्वेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. वीरेश नांदेडहून आला. डॉक्टर सकाळी येत, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणत, "अप्पा, हिंमत ठेवा, मस्त आहात." गावाहून भेटायला येणारे सफरचंदं घेऊन येत आणि म्हणत, "आठ दिवसांत घरी." खोलीभर सफरचंदांचा वास. मला अजून तो वास सहन होत नाही.

एका दुपारी आम्ही तिघं होतो, मी, अक्का, वीरेश. ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "येळवसला शेतात जातो का मी?"

"जातोस की," अक्का लगेच म्हणाल्या. "गाडी करू. गादी टाकू मागं."

"हो, बाबा," वीरेश म्हणाला. "मी बोललोय डॉक्टरांशी."

ह्यांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत होते, सरळ. "कमल, तू सांग."

मी खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात अक्का नव्हत्या, डॉक्टर नव्हते. परस होतं आणि खुर्ची होती. दोन महिने रोज पहाटे ज्या माणसाला मी न दिसलेलं दिसलं म्हटलं नव्हतं, तो माणूस मला विचारत होता. घरादारात एवढं एकच तोंड उरलं होतं ज्याच्यावर त्याचा भरवसा होता. मी म्हणाले, "मला तसं दिसत न्हाई."

"बरं," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी 'उद्या' म्हटलं नाही.

संध्याकाळी त्यांनी लापशीची वाटी परत केली. दुसऱ्या दिवशी पाणीही नको म्हणाले. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले, आणि येळवसच्या आधीच गेले. डॉक्टर म्हणाले, तसंही दिवस उरले नव्हते. असतील उरले, नसतील. आमच्यात, लिंगायतांत, बसवून माती देतात. शेतातच, आंब्याच्या बाजूला खड्डा केला, मांडी घालून बसवलं, विभूती, बेल. लोक म्हणत होते अप्पा शेतात आले. मला कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवावासा वाटत होता.

त्या वर्षी आम्ही येळवस केली नाही. गाव शेतात गेलं, गल्ली ओस पडली, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. अक्का चुलीपाशी बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता बोलू लागल्या. "एक हाव म्हणाली असतीस तर तुझी जीभ झडली असती का? दोन घास खाल्ले असते त्येनं. उठून बसला असता." मी चुलीतलं लाकूड आत सारलं. "तारा तुला दिसला न्हाई दोन महिने," त्या म्हणाल्या, "आन् माझ्या भावाचं मरन बरं दिसलं." आणि त्या उठून रेणापूरला निघून गेल्या. मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं मी वर्षभर उलटून-पालटून बघत राहिले, आणि दर वेळी ते मला थोडं अधिकच खरं वाटत गेलं.

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू लहान होतात असं ऐकलं होतं. दुर्बीण काही लहान झाली नाही. वीरेश म्हणतो, एखाद्या शाळेला देऊन टाकू, पोरं तरी बघतील. बरोबरच आहे त्याचं. मी दर खेपेला पुढच्या महिन्यावर ढकलते. दुकानही त्यानं चालवायला दुसऱ्याला दिलं. रस्त्यानं जाताना मी आत डोकावते तर लोखंडी शिडीवर कुणीतरी पोरगा चढलेला असतो आणि वरचे तागे काढत असतो. मी पुढं बघून चालते.

यंदा दिवाळीला अक्का आल्या. भाऊबीजेला, भाऊ नसलेल्या घरी. पिशवीतून त्यांनी माझ्यासाठी करंज्या काढल्या, ताटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "एकलीला रेणापुरात सण खायला उठला." आम्ही दोघींनी गेल्या वर्षीचं काहीही काढलं नाही. रात्री एकाच खोलीत झोपलो. त्या झोपेत भावाला लहानपणीच्या नावानं हाक मारत होत्या.

पहाटे मला जाग आली ती नेहमीच्या वेळी. शरीराला सवय लागते, तिला माणूस गेलेला कळत नाही. दार उघडलं. वारा अजिबात नव्हता, शेवग्याचं पानही हलत नव्हतं, आणि दक्षिणेला व्याध होता, स्थिर, न लुकलुकता. इतका स्थिर मी त्याला कधी बघितला नव्हता. मी का तसं केलं ते मला सांगता येणार नाही. ताडपत्री ओढली. कोठीतून आरशाची पेटी ढकलत आणली. झग्याचे बंद बांधले, आरसा जरा थंड होऊ दिला, शिडी लावली, पदर खोचला. खुर्ची भिंतीशी उलटी ठेवलेली होती, ती तशीच राहू दिली.

तांबडं फुटायला लागलं होतं. व्याधाला मध्ये आणलं. हात काढून घेतला. तो सरकू लागला, काटे पसरत, पण थरथर नाही. कडेला टेकला. बाहेर पडला.

आणि मागं एक ठिपका राहिला. फिका, बारीक, सुईच्या टोकाएवढा. पापणी हलायच्या आत तोही गेला.

मी डोळा काढला नाही. पुन्हा व्याधाला मध्ये आणलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तो तिथंच, मागच्या अंगाला, जरा उत्तरेकडं. पुन्हा आणलं. पुन्हा. भास असता तर एकदा झाला असता, एवढं मला शिकवलेलं होतं. शिडीच्या दांड्याला धरून मी उभी राहिले पण आनंद झाला नाही. कारण तारा वर्षभरात कुठून नवा येत नाही. पन्नास वर्षांची त्याची फेरी. गेल्या दसऱ्याला तो इथंच होता, गेल्या दिवाळीला इथंच, मी रोज न्हाई म्हणत होते तेव्हा रोज तो तिथं होता. मी खोटं बोलले नव्हते. मला दिसला नव्हता, एवढंच खरं होतं. आणि त्यावर एका माणसानं रोज 'बरं' म्हटलं.

मग दवाखान्यातली ती दुपार आठवली. तिथंही मी म्हणाले होते, मला दिसत नाही. तिथं काय होतं आणि माझ्या डोळ्यांना काय दिसलं नव्हतं? चार दिवस? एक येळवस? कोण सांगणार. व्याधाला पुन्हा मध्ये आणता येतं. ती दुपार येत नाही. मला त्या शिडीवर इतकं एकटं वाटलं की मी मोठ्यानं हाक मारणार होते, पण मग उजाडायलाच लागलं आणि व्याध फिका पडला.

मागं दाराची कडी वाजली. अक्का होत्या, आंघोळ झालेली, कपाळाला विभूती, हातात दोन कप. त्यांनी उघडलेल्या दुर्बिणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं रागावतील. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"दिसलं का ग?"

मी शिडीवरून उतरले. उतरायला वेळ लावला. हाव म्हटलं तर भाऊ होता तेव्हाही तो तिथंच होता, हे त्यांना कळणार होतं.

"न्हाई, अक्का."

त्यांनी कप पायरीवर ठेवले. माझ्या तोंडावरून त्यांनी हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. "म्हंजे नव्हताच ग तो," त्या म्हणाल्या. "तुझे डोळे बराबर हुते. मी वर्षभर त्येन्ला बोल लावला. तू माझ्या भावाला खरंच सांगितलंस."

"हाव," मी म्हणाले, आणि आरशावर झाकण ठेवलं.